केबल जोडणारं माणूस गावातच हवं

गावात ब्रॉडबँड आलं असं नक्की कधी म्हणायचं? रस्त्याच्या कडेने पाइप गाडला, त्यातून केबल सोडली, एखाद्या सार्वजनिक इमारतीत पेटी बसवली आणि तिचा हिरवा दिवा लागला, की कागदोपत्री गाव जोडलं जातं. मी फायबर जोडण्याचं, म्हणजे स्प्लायसिंगचं काम करते आणि अलीकडे गावांतल्या मुलामुलींना ते शिकवते. माझ्या लेखी गाव त्या दिवशी जोडलं जात नाही. केबल पहिल्यांदा तुटते आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा जोडली जाते, त्या दिवशी ते जोडलं जातं.

कारण केबल तुटणारच. रस्ता रुंद करायला आलेलं यंत्र तिला उचकटतं, पाण्याची पाइपलाइन टाकताना कुदळ बसते, जमिनीखाली उंदीर-घुशी आणि खांबावर खारी कुरतडतात, वादळात फांदी पडते, ओढ्याला पूर आला की काठाची माती पाइपासकट वाहून जाते. शहरातही केबल तुटते, पण तिथे जोडणारी टोळी जवळ असते. गावाकडची तक्रार आधी लांबच्या कार्यालयात नोंदली जाते, तिथून कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून उपकंत्राटदाराकडे जाते, आणि त्याची गाडी त्या बाजूची आणखी दोन-तीन कामं साठली की निघते. तोवर घरातली माणसं पुन्हा मोबाइलच्या डेटावर भागवायला लागलेली असतात. असं दोन-तीनदा झालं की ती महिन्याचे पैसे भरणं बंद करतात. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2024 च्या अंदाजानुसार जगात शहरी भागातले 83 टक्के लोक इंटरनेट वापरत होते आणि ग्रामीण भागातले 48 टक्के. जे 260 कोटी लोक तेव्हा इंटरनेटच्या बाहेर होते, त्यातले 180 कोटी गावांत राहत होते. या दरीबद्दल बोलताना सगळा भर केबल टाकण्यावर असतो, किती किलोमीटर झाले, किती गावं झाली. आमच्या धंद्यात दोन वेगळे आकडे असतात. केबल किती घरांसमोरून गेली हा एक, आणि त्यातल्या किती घरांत जोडणी चालू आहे हा दुसरा. पहिला आकडा सभेत सांगितला जातो. दुसरा फार कमी ठिकाणी विचारला जातो, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

जोडायची वस्तू काय आहे ते आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. फायबर म्हणजे 125 मायक्रॉन जाडीचा काचेचा धागा, केसापेक्षा थोडासाच जाड. प्रकाश जातो तो त्याच्या मधल्या 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. 1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर दर किलोमीटरला 20 डेसिबलपेक्षा कमी हानीत प्रकाश नेता येईल. 20 डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरणं. त्या काळात तेवढंही अवघड होतं. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ते करून दाखवलं, आणि काओंना 2009 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या फायबरमध्ये 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला दर किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबल हानी होते. म्हणजे 15 किलोमीटर गेल्यावरसुद्धा निम्मा प्रकाश शिल्लक.

दूरच्या घरासाठी हा आकडा किती मोठा आहे ते जुन्या तारेशी ताडून बघा. तांब्याच्या टेलिफोन लाइनवरून येणारं इंटरनेट, म्हणजे डीएसएल, टेलिफोन एक्स्चेंजपासून जसजसं लांब जातं तसतसं मंदावतं, आणि पाचेक किलोमीटरवर जेमतेम धुगधुगी उरते. जो सगळ्यात लांब, त्याला सगळ्यात कमी, हा तांब्याचा नियमच होता. फायबरने तो मोडला. शेवटच्या घराला पहिल्या घराइतकाच वेग देता येतो, आणि म्हणून एवढी खोदाई करूनही मला फायबरच हवं असतं.

गावासाठी साधारणपणे जी रचना वापरतात तिला पॅसिव्ह नेटवर्क म्हणतात. एका टोकाला प्रकाश सोडणारं ओएलटी नावाचं यंत्र. त्यातून निघालेलं एक फायबर 20 किलोमीटरपर्यंत जातं, वाटेत स्प्लिटरमध्ये त्याच्या 32 किंवा 64 फांद्या होतात आणि एकेक फांदी एकेका घरात ओएनटीला, म्हणजे भिंतीवरच्या त्या छोट्या डबीला, जाऊन मिळते. ओएलटी आणि घर यांच्यामध्ये कुठेही वीज लागत नाही. स्प्लिटर म्हणजे नुसती काच. ज्या भागात विजेचा भरवसा नाही तिथे हे केवढं मोठं वरदान आहे! या नेटवर्कच्या जीपीओएन नावाच्या प्रकारात घरांकडे येणारा एकूण वेग सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट आणि घरांकडून जाणारा सुमारे 1.25 गिगाबिट असतो, तो सगळ्या फांद्यांनी वाटून घ्यायचा.

आता हिशेब. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आणि वाटेत जितके डेसिबल हानी होते तितके त्यातून वजा करायचे. ओएलटीतून समजा अधिक 3 डीबीएम प्रकाश निघाला. 32 फांद्या करायच्या म्हणजे प्रकाश पाच वेळा निम्मा करायचा. दर खेपेला 3 डेसिबल धरले तर 15, आणि स्प्लिटरची स्वतःची हानी धरून 17. दहा किलोमीटर केबलचे अडीच-तीन, कनेक्टर आणि सांध्यांचे दीड-दोन. घरात उणे 18-19 डीबीएमच्या आसपास प्रकाश पोचतो. ओएनटीला साधारण उणे 27 पर्यंत नीट कळतं. म्हणजे हातात आठेक डेसिबल राहतात. ही त्या लाइनची गंगाजळी. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जितक्या वेळा केबल तुटेल, तितक्या वेळा यातूनच खर्च व्हायचा. चांगला सांधा 0.1 डेसिबलच्या आत बसतो, घाईघाईत मारलेला अर्धा-एक डेसिबल खातो. असे पाच-सहा सांधे झाले की लाइन चालू असते पण पाऊस पडला, डबीत ओल शिरली, की बंद पडते, आणि का बंद पडली ते कोणालाच सांगता येत नाही. पहिली केबल टाकणारा हुशार असून भागत नाही. नंतरचा प्रत्येक सांधा तितक्याच निगुतीने मारणारं माणूस लागतं.

ते माणूस काय करतं ते सविस्तर सांगते. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीचा फोन येतो, "ताई, खालच्या वाडीत सगळ्यांकडे लाल दिवा लागलाय." मी पहिला प्रश्न तोच विचारते जो तिने आधीच स्वतःला विचारलेला असतो: एकाच घरी की सगळ्यांकडे? एकाच घरी असेल तर घरात जाणारी ड्रॉप केबल बघायची. बऱ्याचदा कपाट सरकवताना ती चिमटलेली असते. सगळ्यांकडे असेल तर स्प्लिटरच्या मागची मुख्य केबल गेली. मग ती ओटीडीआर लावते. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाची उसळी सोडतं, परत येणारा क्षीण प्रकाश मोजतं आणि पडद्यावर उतरती रेघ काढतं. रेघ जिथे एकदम कोसळते तिथे तुटलं. पडद्यावर अंतर येतं, समजा 4,320 मीटर.

पण 4,320 मीटर चालत गेलं तर तुटलेली जागा सापडत नाही. केबलच्या आत फायबर सरळ नसतो, पिळलेला असतो, त्यामुळे तो केबलपेक्षा थोडा जास्त लांब भरतो. शिवाय चेंबरमध्ये, म्हणजे वाटेतल्या झाकणाच्या खड्ड्यांत, केबलची वेटोळी ठेवलेली असतात. कुठल्या चेंबरमध्ये किती मीटरचं वेटोळं आहे हे माहीत असेल तरच पडद्यावरचं अंतर जमिनीवर उतरवता येतं. ही माहिती टाकणाऱ्याच्या वहीत असते, आणि टाकणारा निघून गेला की वहीही जाते. मी अशा ठिकाणी काम केलंय जिथे नकाशात केबल रस्त्याच्या डावीकडे होती आणि प्रत्यक्षात उजवीकडे. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बांधावरून हात करून दाखवलं, "इथून गेलीय, मी बघत होतो." त्यांचंच बरोबर निघालं. तेव्हापासून मी शिकवताना पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देत नाही. आधी सगळे मिळून लाइन चालतो, प्रत्येक चेंबर उघडतो, वेटोळी मोजतो आणि लिहून ठेवतो. त्या वहीची एक प्रत गावात राहते.

जागा सापडली की खड्डा मोठा करायचा, केबलची दोन्ही टोकं चिखल पुसून वर घ्यायची. बाहेरचं आवरण सोललं की आत नळ्या, नळ्यांत जेल आणि जेलमध्ये रंगीत फायबर. रंगांचा क्रम ठरलेला: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. मुलं हे पाढ्यासारखं पाठ करतात. निळ्याला निळा, केशरीला केशरी. आधी एका टोकावर स्लीव्ह, म्हणजे सांधा झाकणारी बारीक नळी, सरकवायची, नंतर ती घालता येत नाही. मग रंगाचा थर सोलायचा आणि अल्कोहोल लावलेल्या कागदाने काच पुसायची. स्वच्छ झालेली काच पुसताना बारीक किणकिणल्यासारखी चुकचुकते. हा आवाज ओळखायला शिकलं की डोळ्यांवरचा अर्धा भार कमी होतो. क्लीव्हरमध्ये, म्हणजे काच कापायच्या हत्यारात, ठेवून टोक काटकोनात कापायचं, एका अंशाचाही तिरकेपणा नको. दोन्ही टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली की ते स्वतः त्यांना पुढेमागे सरकवून गाभ्याला गाभा भिडवतं, विजेची ठिणगी पडते आणि काच वितळून एक होते. पडद्यावर आकडा येतो, 0.02 किंवा 0.03. मग स्लीव्ह सांध्यावर आणून गरम करायची आणि फायबर ट्रेमध्ये हळुवार गोलाकार बसवायचे.

कापलेले काचेचे तुकडे बाटलीत. या बाबतीत मी फार कडक आहे. तो तुकडा डोळ्यांना दिसत नाही, अनवाणी चालणाऱ्या पोराच्या पायात शिरला तर काढताही येत नाही.

आणखी एक गोष्ट शिकवते, ती भल्याभल्यांना माहीत नसते. ओटीडीआर नेहमी 1310 आणि 1550 अशा दोन्ही तरंगलांबींवर लावायचा. 1310 वर रेघ जवळजवळ सरळ आणि 1550 वर त्याच जागी मोठी पायरी दिसली, तर तिथे सांधा बिघडलेला नाही, फायबर कुठेतरी जास्त वाकलाय. लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर लवकर बाहेर सांडतो. अशा वेळी केबल कापायची गरजच नसते. चेंबर उघडून आवळलेली पट्टी सैल केली की झालं. हे ओळखता आलं नाही तर माणूस चांगली केबल कापून बसतो आणि गंगाजळीतले दोन सांधे फुकट घालवतो.

दुरुस्तीचा विचार आधीपासून केला तर टाकतानाच काही गोष्टी बदलतात. दर काहीशे मीटरवर दहा-पंधरा मीटरचं वेटोळं सोडलं, तर तुटल्यावर तेच ओढून एका सांध्यात काम भागतं. नाही सोडलं तर मध्ये नवा तुकडा घालावा लागतो आणि सांधे दोन होतात. कंत्राटात मीटरवर पैसे असतात, जागा आणि वेळ वाचवायचा असतो, म्हणून वेटोळी पहिल्यांदा गळतात. उंदरांसाठी पोलादी पट्टीची केबल चांगली, पण धातू विजेला ओढून घेतो, म्हणून वीज पडणाऱ्या भागात काचतंतूंचं कवच असलेली बिनधातूची केबल बरी. जिथे नवा रस्ता होतोय तिथे रस्त्याबरोबरच रिकामा पाइप गाडून ठेवावा, कारण सगळ्यात मोठा खर्च खोदाईचा आहे. काच त्यामानाने स्वस्त. पाइप असला की फायबर नंतर हवेच्या दाबाने आत फुंकता येतो, आणि खराब झाला तर काढून दुसरा फुंकता येतो.

सरळ रेषेतल्या केबलला एक घाव बसला की पुढची सगळी गावं जातात. रिंग असली, म्हणजे केबल गोल फिरवून परत आणलेली असली, तर प्रकाश उलट्या बाजूने फिरून येतो आणि जोडणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. भारतात 2011 मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क पुढे भारतनेट झालं, आणि 2023 मध्ये त्याचा जो सुधारित आराखडा मंजूर झाला त्यात ग्रामपंचायती रिंगने जोडायचं ठरलं. बांधणी आणि देखभाल एकाच करारात धरली गेली, हे मला रिंगइतकंच महत्त्वाचं वाटतं. ज्याला दहा वर्षं सांभाळायचंय तो वेटोळं सोडतो.

या प्रश्नाचा विचार करताना मला अमेरिकेतल्या ग्रामीण विजेची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. 1930 च्या दशकाच्या मध्यात तिथल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. कंपन्यांना विरळ वस्तीत खांब टाकणं परवडत नव्हतं. 1935 मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली, 1936 मध्ये कायदा झाला, आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्जं मिळाली. त्या कायद्यात लाइनबरोबरच घरातल्या वायरिंगसाठी आणि उपकरणांसाठीही कर्जाची सोय होती. खांब दारात आला आणि घरात अंधारच राहिला, असं होऊ नये याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. आज त्याच सहकारी संस्थांपैकी अनेक जणी आपल्या विजेच्या खांबांवरून फायबर नेतात, आणि ते टिकतं, कारण खांबावर चढणारी माणसं त्याच परिसरात राहतात.

इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये 2011 मध्ये बीफोरआरएन (ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ) ही इंटरनेट देणारी संस्था गावकऱ्यांनीच काढली. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून केबल न्यायला फुकट परवानगी दिली, स्वतः चर खोदले, काही जण फायबर जोडायलाही शिकले, आणि विरळ वस्तीच्या घरांत येण्या-जाण्याचा दोन्हीकडचा 1 गिगाबिट वेग पोचला. स्पेनमधल्या कॅटालोनियात 2004 मध्ये सुरू झालेलं ग्विफी हे लोकांनीच उभारलेलं नेटवर्क आधी छपरांवरच्या अँटेनांवर वाढलं, नंतर त्यात फायबर आला. दोन्हीकडे ज्याने खोदलं त्याला केबल कुठून गेलीय हे माहीत आहे. बाहेरून येऊन काम उरकून जाणाऱ्या कंत्राटात नेमकं हेच हरवतं.

बिनतारी आणि उपग्रहाला माझा विरोध नाही. डोंगराआड एकटं घर असेल तर तिथे दोन-चार किलोमीटर चर खणण्यात अर्थ नसतो. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर असल्याने बोलण्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर होतो, पण 550 किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या नव्या उपग्रहांनी ती अडचण दूर केलीय. मात्र दाट वस्तीच्या गावाला आकाशातली तीच क्षमता वाटून पुरत नाही. अँटेना-ते-अँटेना लिंक चांगली चालते, मध्ये झाड वाढेपर्यंत.

विजेचं मात्र लिहायलाच हवं. वाटेत वीज लागत नसली तरी दोन्ही टोकांना लागते. ओएलटीच्या बॅटऱ्या मेलेल्या असतील तर जगातला उत्तम सांधा काय कामाचा? घरातली डबी दहा वॉटच्या आसपास वीज खाते. एका छोट्या बॅकअपवर ती काही तास सहज चालते, आणि तेवढ्यात मुलीची परीक्षा होते किंवा डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं पूर्ण होतं. नवीन जोडणी देताना हा बॅकअप सोबतच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

राहता राहिला पैशांचा प्रश्न, आणि सगळं इथेच अडतं. शिकलेली मुलं सांध्यावर पैसे घेतात. महिनाभर काही तुटलं नाही तर कमाई शून्य. मग ती दुसरीकडे कामाला जातात, आणि केबल तुटते तेव्हा गावात कोणी नसतं. सांध्यावर पैसे देण्यात दुसराही धोका आहे: जास्त सांधे म्हणजे जास्त पैसे, मग सैल पट्टीसाठीही केबल कापली जाते. म्हणून महिन्याचं ठरावीक मानधन हवं. लाइन चालू राहिली याचे पैसे. चेंबर तपासले, बॅटरी बघितली, फांद्या छाटल्या, वही भरली, याचे पैसे. स्प्लायसिंग यंत्र आणि ओटीडीआर प्रत्येक गावाने घ्यायची गरज नाही. शेजारच्या काही गावांनी मिळून एक संच ठेवला आणि तो कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असलं की पुरे. हल्ली कुठून शिकवायला बोलावणं आलं की मी आधी कराराचा कागद मागवते आणि मानधनाची ओळ शोधते. नसेल तर ती घालून घ्या म्हणते, मग तारीख देते.